पोसायडन उशाशी नको

१२ जानेवारी

चि. ठकीस,
अ. उ. आ.

भूकंपाला आठवडा उलटला. घर शाबूत, मीही शाबूत. तुझ्या आईने मात्र खाट मागच्या अंगणात ताडपत्रीखाली नेली आहे आणि थंडीने खोकून खोकून बेजार झाली आहे. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर छातीत कफ धरेल. पण बाईसाहेब ऐकतील तर शपथ!

जन्मभर शाळेत ग्रीकांचा इतिहास शिकवला, म्हणून तिला सांगून पाहिलं, की समुद्रदेव पोसायडन रागाने त्रिशूळ आपटतो म्हणून जमीन हलते असं ते लोक मानत, आणि त्यालाच ‘सांभाळणारा’ म्हणूनही आळवत. यावर तिने विचारलं, की त्याचा राग उतरला हे कळायचं कसं. तू भूकंप मोजणाऱ्या कचेरीत आहेस, आता तूच काय ते बोल.

तुझा,
बाबा

१७ जानेवारी

ती. आईस,
कृ. सा. न. वि. वि.

बाबांच्या देवाने काही केलेलं नाही. जमिनीखाली खडकांचे अवाढव्य तुकडे एकमेकांना रेटत असतात. ते अडकतात, ताण साचतो आणि कधीतरी सटकन सुटतात. त्यात राग कुणाचाच नाही. इंजिनिअरने भिंती तपासून घर पक्कं असल्याचं कळवलंय. तेव्हा हट्ट सोड आणि आत झोप. तुझ्या खोकल्याने मला इथे काम सुचत नाही.

तुझी,
ठकी

२२ जानेवारी

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

राग नाही म्हणतेस, तीच तर पंचाईत. रागावलेल्याची समजूत तरी काढता येते, खडकाची कशी काढू? पुढचा धक्का कधी तेवढं सांग, लगेच आत येते.

आणि तुझ्या बाबांनी एक गोष्ट शिताफीने गाळलेली दिसते. शाळेच्या नाटकातला तो प्लास्टरचा धिप्पाड पोसायडन त्यांनी माझ्या उशाच्या कपाटावर ठेवला होता. भूकंपाच्या दिवशी मी चहा टाकायला उठले आणि तो धाडकन माझ्या उशीवर आला. आता पुन्हा तिथेच चढवलाय! म्हणतात, तो सांभाळेल.

तुझी,
आई

२७ जानेवारी

ती. आईस,
कृ. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. तू घाबरलीस यात काहीच चुकलं नाही.

धक्का कधी बसेल हे मला सांगता येत नाही, कुणालाच येत नाही. सांगेल तो थापा मारतोय असं समज. पण डोक्यावर काय पडेल ते आजच सांगते: कपाट आणि पोसायडन. सुताराकडून कपाट लोखंडी पट्ट्यांनी भिंतीला जखडून घे. देवाला खाली उतरव. हललं की पळायचं नाही, जेवणाच्या टेबलाखाली शिरून त्याचा पाय घट्ट धरायचा. बाबांना वेगळं पत्र लिहीत नाही, लिहिलं तर भांडण होईल.

तुझी,
ठकी

९ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

सुतार येऊन गेला. कपाट आता मी ढकलूनही हलत नाही. पोसायडन अंगणात आहे, त्याच्या त्रिशूळावर मोजे छान वाळतात. आठवडाभर आत झोपतेय, खोकला पळाला.

काल दुपारी पुन्हा हललं. मी टेबलाखाली शिरले, पाय धरला. भीती वाटली, खोटं कशाला सांगू? तुझे बाबा मात्र धूम पळाले ते थेट अंगणात, पोसायडनशेजारी. मी टेबलाखालून ओरडून सांगितलं, की त्याला राहू द्या तिथे, तुम्ही आत या, इथे दोघांपुरती जागा आहे.

आले बापडे.

अशीच माया राहू दे,
आई