गोलाचं पोट, त्रिकोणाचे कान

चांदवड, ४ सप्टेंबर १९९७

तीर्थस्वरूप वत्सलाआत्यांना ज्योत्स्नाचा वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? 'गणपतीत गौरीच्या हातात घालायच्या आहेत, दोन्ही पाटल्या घेऊन ये' हे तुमचं पत्र पोचलं. मी मजेत आहे (म्हणजे, पत्र शेवटपर्यंत वाचा).

बालवाडीत सध्या जनावरं काढायला शिकवतेय. गोलाचं पोट, त्रिकोणाचे कान, चौकोनाचे पाय. पण पोरांचा गोल काही केल्या गोल येईना. कुणाचा बटाटा, कुणाचा कांदा (कांदा इथे जन्मजातच येतो). काचेची बांगडी फुटेल, म्हणून हातातली पाटली काढून उज्वलाला गिरवायला दिली. मग काय विचारता! संतोषच्या शेळीचं पोट तर इतकं नेमकं आलं, की मी त्याला शाबासकी दिली आणि खिडकीपाशी जाऊन बसले. बाहेर डोंगरांचे त्रिकोण, वर ढगांचे गोल. देवही आधी बालवाडीतच चित्रं काढायला शिकला असेल, असं वाटत राहिलं. तुम्ही म्हणाल, ही पोरगी लहानपणापासून अशीच. खरंय हो, तंद्री लागली की मी माझी उरत नाही. त्याच तंद्रीत पोरांना सांगितलं, आता घरची जनावरं सजवा.

सोमवारी पोळा झाला. उज्वलाचा गोऱ्हा काय देखणा दिसत होता! अंगभर गेरूचे त्रिकोण, शिंगांना लाल ऑइलपेंट, एका शिंगात बेगडाचं कडं. मी डोळे भरून पाहिलं, ओवाळलंसुद्धा. काल तिची आई चतुराबाई वर्गात आली. म्हणाली, "बाई, ते बेगड नाय, सोनं हाय. अन् रंग वाळून लय घट्ट बसलंय." तेल झालं, साबण झाला, पाटली हलेना. उज्वला गोऱ्ह्याच्या गळ्यात पडून रडली, मलाही रडू आलं. गौरीची पाटली, आणि मी इतके दिवस हाताकडे बघितलंच नाही!

तुमची वेंधळी,
ज्योत्स्ना

ता. क. सोनार म्हणतो, पाटली कापावी लागेल. तुम्हाला न विचारता कशी कापू? वाण्याच्या दुकानात फोन करून 'हो' म्हणा. नाहीतर गौरीला गोऱ्हाच घेऊन येते. तुमचा जिना चढेल ना तो?

ता. क. दुसरी पाटली माझ्या हातात आहे, असं सही करेपर्यंत समजत होते. संतोषकडे जाऊन येते. त्यांची शेळी भुंडी आहे, तेवढं बरं. पण ती खाते काहीही.