भिंतीबाहेरचं लेकरू

देवळाली कॅम्प, रविवार, २ नोव्हेंबर, संध्याकाळ

जेनी, तारीख घातलीस ना? परवा विसरलीस. नात माझी, पण डोकं आजोबांचं! आता मी सांगते तस्संच माझ्या वहीत लिही.

आज मृतांच्या स्मरणदिनी कबरींवर मेणबत्त्या लावताना नव्या फादरांना माझ्या पहिल्या लेकराचं विचारलं. बाप्तिस्म्याआधीच गेलं, म्हणून तेव्हाच्या फादरांनी त्याला दफनभूमीच्या भिंतीबाहेर पुरायला लावलं. म्हणाले, त्याला स्वर्ग नाही. नवे फादर हसून म्हणतात, "आजी, चर्च आता तसं शिकवत नाही. बाळ देवाजवळ असेल, आशा ठेवा."

आशा! पन्नास वर्षं त्या भिंतीबाहेर चोरासारखी मेणबत्ती लावली मी. स्वर्ग म्हणजे काय एसटीचा थांबा, हलवला की झालं? शिसारी आली. देव बदलला, की हे चर्चवालेच चुकले होते? मग तसं म्हणायला जीभ का जड होते?

मी म्हटलं, "मग भिंतीच्या आत त्याच्या नावाचा दगड बसवा."

"नाव काय होतं, आजी?"

नाव ठेवू कुठे दिलं होतं! तिथेच उभ्याउभ्या ठेवलं, योसेफ.

उद्या दगडाची जागा बघायला फादर दफनभूमीत येणार आहेत. जेनी, त्यांना तिथे डब्यात बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी पाठव. शेवयांची खीर मात्र त्यांनी "आमचं चुकलं" म्हटल्यावरच.