भिंतीवरचे पाच चौकोन

आई, आज पाचव्यांदा दुकानातून रंगाचा डबा घेऊन आले. तुला हसू येईल. साडीच्या दुकानात दहा मिनिटं झाली की जिची चुळबुळ सुरू व्हायची, ती तुझी मुलगी एका भिंतीच्या रंगासाठी महिनाभर अमरावती पालथी घालते आहे. रंगही असा, की आपल्याकडे त्याला धड नाव नाही. कार्डावर ‘वॉर्म टोप’ असं लिहिलेलं असतं. पेंटर त्याला मातकट म्हणतो, दुकानदार ग्रे म्हणतो, आणि दोघेही चुकतात. तुला एका शब्दात कळेल. कोसा. न रंगवलेलं कोसा रेशीम सावलीत धरलं की दिसतो तो. राखाडी, पण थंड नाही.

आमच्या खोलीसाठी हा रंग नऊ वर्षांपूर्वी ह्यांनी निवडला. तेव्हा हे हिंडते-फिरते होते. बांधकाम खात्यात आयुष्य गेलं, गवंड्याची भिंत अर्धा इंच बाहेर गेली तर ह्यांना रस्त्यावरून दिसायची. आता तीन वर्षं झाली, उजवी बाजू गेली आहे, बोलणं पाच-सहा शब्दांवर आलं आहे, आणि दिवसभर समोर असते ती पलंगापुढची भिंत. यंदा वरच्या मजल्यावरच्या बाथरूमचं पाणी त्या भिंतीत झिरपलं. फुगलेलं प्लास्टर खरवडून पुट्टी भरली, आणि बरोबर ह्यांच्या नजरेसमोर, उघडलेल्या वर्तमानपत्राएवढा पांढरा चट्टा राहिला. सगळी खोली रंगवायची तर ह्यांना हलवावं लागेल, आणि रंगाच्या वासानं ह्यांना धाप लागते. म्हणून तेवढाच चट्टा रंगवायचा ठरलं. मात्र रंग जुळायला हवा.

त्या भिंतीसमोर तीन वर्षं मीही आहे. मुलगा पुण्याला असतो. जबाबदार आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. औषधं घरी येतात, भाजी दारात येते, बँकेचं काम फोनवर होतं, दळणसुद्धा गिरणीवाला येऊन घेऊन जातो. सगळं त्यानं लावून दिलं आहे. “आई, तुला आता कशासाठीच बाहेर पडायला नको,” असं तो अभिमानानं सांगतो. खरंच कशासाठीच नको. कामाच्या बाई दुपारी दीड-दोन तास ह्यांच्याजवळ बसायला तयार असतात, पण मी जायचं कुठे? उगाच फिरून येणं मला कधी जमलं नाही. बत्तीस वर्षं दर्यापूरच्या शाळेत गणित शिकवलं, जाता-येता एसटीतही वह्या तपासल्या. कारण असल्याशिवाय मी चप्पल घालत नाही. मग हा चट्टा पडला.

जुन्या कंपनीनं ती शेड बंद केली होती. “थो रंग कार्डातूनच गेला न जी, मॅडम,” राजकमल चौकाजवळचा दुकानदार म्हणाला. “पन भिंतीची खपली आना. मशीन सांगते बराबर.” मी कपाटामागून नखाएवढी खपली काढून नेली. मशीननं ती वाचली आणि दुसऱ्या कंपनीच्या पांढऱ्या रंगात थेंब थेंब रंग सोडले. दुकानात हुबेहूब. घरी येऊन चट्ट्याच्या कडेला चौकोन मारला, अर्धा जुन्या भिंतीवर, अर्धा पुट्टीवर. वाळला तर सरळ गुलाबी. चूक मशीनची नव्हती, माझी होती. कपाटामागचा रंग नऊ वर्षांपूर्वीचाच राहिला होता. समोरच्या भिंतीनं मात्र नऊ वर्षं ऊन आणि उदबत्तीचा धूर खाल्ला होता. गणिताच्या बाईंना हे आधी सुचायला हवं होतं. पुढच्या खेपेला खपली समोरच्या भिंतीची नेली आणि आणखी एका कंपनीचा, कमी चमकेचा डबा घेतला.

त्या दुसऱ्या डब्याचं सांगते, पण आधी अकोल्याचं.

जठारपेठेतलं आपलं भाड्याचं घर, स्वयंपाकघराला लागून ती खोली, आणि तिच्यात अंथरुणाला खिळलेले आजोबा. त्यांचं सगळं तूच करायचीस. मी इथे होस्टेलवर होते. बी. एड. झालं, घरी आले, दर्यापूरला मुलाखत ठरली, आणि तू पेटीतून तुझी कोसाची साडी काढून माझ्या हातात दिलीस. तुझं ब्लाऊज मला होईना, म्हणून तू पीस जुळवायला निघालीस. साडी पिशवीत घालून मॅचिंगच्या दुकानात. पहिल्या दिवशी एक पीस आणलास आणि घरी येऊन म्हणालीस, पिवळट आहे. मग दुसरा आणलास, तो दिव्याखाली वेगळा दिसत होता. तिसऱ्याचं काय बिनसलं ते आता आठवत नाही. चौथ्या खेपेला तू गेलेली असताना आजोबांचं अंथरूण ओलं झालं. मी बदलायला गेले, तर ते मला हात लावू देईनात. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. दोन तास मी त्या वासात दारापाशी उभी. आणि तू येतेस. कपाळावर घाम, चेहरा टवटवीत, ओठ लाल. तू पान खाऊन आलेली असतेस.

“एवढ्याशा कापडासाठी चार खेपा?” मी म्हणते. “माणसाला वेळेची काही लाज असावी.”

तू पिशवी खाली ठेवतेस. आतून आजोबांचा आवाज येतो, “तिले बोलू नको व. सूनबाई, भेटला का पीस?”

तू पदरानं ओठ पुसतेस, कापड माझ्या हातात देतेस आणि म्हणतेस, “उजेडात नेऊन पाह्य.” मग त्यांचं अंथरूण बदलायला आत जातेस.

मी उजेडात नेऊन पाहिलं. तंतोतंत होतं. तसं तुला सांगितलं नाही.

तू गेल्यावर तुझी पेटी मीच आवरली. तळाशी ते आधीचे तिन्ही पीस निघाले, न शिवलेले, कागदात गुंडाळलेले. कोसाची साडी तेव्हाही माझ्याकडे होती. गच्चीवर उन्हात तिच्यावर एकेक ठेवून पाहिला. तिन्ही जुळत होते. तुझे डोळे तेव्हापासूनच अधू झाले असतील असं मी ठरवलं आणि पीस कोणाला तरी देऊन टाकले.

आता दुसरा डबा. तो चौकोन वाळला आणि जुन्या भिंतीवरचा अर्धा भाग दिसेनासाच झाला. ह्यांनी डावा हात उचलला आणि म्हणाले, “झालं.” मी चष्मा पुसला. “छे, संध्याकाळी फरक दिसेल,” म्हटलं. संध्याकाळी दिसला नाही. ट्यूबलाइटखालीही दिसला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पिशवी घेतली आणि बडनेरा रोडवरच्या दुकानात जाऊन चौथ्या कंपनीचं कार्ड मागितलं. मग पाचवीचं. दुकानदार आता ओळखतात. “मॅडम, तुमीच बसा गल्ल्यावर, मी घरी जाऊन जेवून येतो,” एक जण म्हणाला आणि मी हसले. आई, मी दुकानात हसते. मनगटावर रंगाचा ठिपका लावून घेते, बाहेर उन्हात येऊन बघते, रस्त्याच्या कडेला वाळेपर्यंत उभी राहते. मला कोणी घाई करत नाही.

परवा मुलानं फोनवर भिंत पाहिली. “आई, एका चट्ट्यासाठी महिना? वेळेचं काही आहे की नाही?” आवाज त्याचा होता, बोलणं माझं. त्यानं तिथूनच पेंटर ठरवला.

पेंटर आज सकाळी आला. भिंतीला नाक लावून एकेक चौकोन पाहिला आणि दुसऱ्यापाशी थांबला. “काकू, हा तं मिळून गेला. कुठं सुरू झाला अन् कुठं संपला, समजूनच नाही राहिलं. तासाभरात मारून देतो.” तो डब्याचं झाकण उचकटायला बसला.

“नाही,” पलंगावरून आवाज आला.

आम्ही दोघांनी वळून पाहिलं. ह्यांचा डावा हात वर होता. “फ... फरक.”

“कुठं फरक आहे जी, साहेब?”

अर्धा इंच रस्त्यावरून दिसणारा माणूस भिंतीकडे बघतच नव्हता. माझ्याकडे बघत होता. “आहे,” हे म्हणाले.

“साहेबाले दिसते तं असन बावा,” म्हणत पेंटरनं झाकण परत ठोकून बसवलं आणि तो गेला.

माझे दुपारचे दोन तास राहावेत म्हणून ह्यांनी उरलेला अख्खा दिवस तो चट्टा बघत पडून राहायचं पत्करलं. हे कळूनही मी थांबले नाही. दुपारी बाई आल्या, मी चप्पल घातली, पाचवा डबा घेऊन आले. येताना चौकात पान खाल्लं. चौकोन मारला. ह्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं आणि विचारलं, “मिळाला?” मी नाही म्हटलं. चट्ट्याच्या कडेला आता एकाच चौकोनाची जागा उरली आहे.

हा कागद मी शेड कार्डांच्या गठ्ठ्यात ठेवणार आहे. तो गठ्ठा माझ्याशिवाय कोणी उघडत नाही. तू वाचणार नाहीस म्हणूनच हेही लिहिता येतं. त्या दिवसानंतर तू पुन्हा मॅचिंगला गेली नाहीस. साधं रीळसुद्धा शेजारच्या काकूंकडून मागवायचीस. आजोबा आणखी दोन वर्षं होते. मी सुटीत घरी यायची तेव्हा तू त्या खोलीत किंवा स्वयंपाकघरात असायचीस, केव्हाही. मला ते बरं वाटायचं. “आई सुधारली,” असं मी बाबांना सांगितलं होतं.