पिवळ्या फुलांचा चहा

इलिंका बाळा,

नव्वद साली, तू तान्ही असताना, इस्पितळातल्या सुईतून तुला एचआयव्ही लागल्याचं कळलं आणि डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हापासून मी तुला सुनातोआरेच्या, त्या पिवळ्या रानफुलांचा चहा पाजत आले. तू जगलीस, म्हणून माझी त्या फुलांवर श्रद्धा. आता तो चहा घोटभरही पिऊ नकोस. किटली मी ओतून दिली आहे.

सकाळी शेजारची साफ्ता कॉफीला आली होती. तिला म्हटलं, नव्या गोळ्यांनी पोरीचं पोट बिघडतं, म्हणून चहा वाढवलाय. ती ओरडलीच, "अगं बये, माझ्या हृदयाच्या डॉक्टरांनी तो बंद करायला लावला! गोळीचा जोरच मारतो तो."

या नव्या गोळ्यांच्या चाचणीत तुझं नाव घालताना दवाखान्यात विचारलं होतं, आणखी काही घेता का? आपण दोघी 'नाही' म्हणालो. चहाला औषध कोण म्हणतं?

मी दवाखान्यात फोन केला. नर्स म्हणाली, "आजी, गोळी थांबवू नका, दुप्पटही देऊ नका. पोरीला रक्त तपासायला पाठवा, आणि ती फुलं घेऊन या." मी फुलं घेऊन पुढे गेले आहे. तू थेट तिथेच ये. चाचणीतून काढतील या भीतीने काही लपवू नकोस. रागवायचं तर माझ्यावर रागव. संध्याकाळची गोळी सोबत ठेव. कोबीच्या पानात गुंडाळलेले सार्माले झाकून ठेवलेत, दोन खाऊन निघ.

तुझ्या वॉर्डातला दोरू गेला, त्या जुळ्या बहिणी गेल्या. तुझी आई इटलीला गेली ती तिकडचीच झाली. तू राहिलीस. कशामुळे राहिलीस, ते आज मला सांगता येत नाही. लवकर ये.

आजी