मोठा कॅमेरा विकला, अप्पा

प्रिय अप्पा,

आज तुमचा मोठा कॅमेरा विकून आले. दादानं ऐकलं आणि भरल्या ताटावरून उठला. "अप्पांची आठवण विकलीस," एवढंच म्हणाला. म्हटलं, त्याच्याशी काय वाद घालायचा, तुम्हालाच लिहावं. तुम्ही कानडीत 'साकु', पुरे, म्हणालात की घरातलं बोलणं संपायचं. आता तसं म्हणता येणार नाही तुम्हाला.

शुक्रवार पेठेतल्या आपल्या स्टुडिओत दादाला गल्ला मिळाला आणि मला कॅमेऱ्याची बॅग. का, तर दादाची कंबर नाजूक! लग्नात दिवसभर तो कॅमेरा, ती लांबलचक लेन्स, वर फ्लॅश, सगळं माझ्या गळ्यात. "आधी कॅमेरा दिसला पाहिजे, मग फोटो," असं तुमचं म्हणणं. खरंय, तो बघून लोक वाट द्यायचे. पण तो रोखला की माणसं ताठ व्हायची, हे तुम्हाला कधी दिसलंच नाही का?

मग माझ्या उजव्या हाताची बोटं बधिर व्हायला लागली. डॉक्टर म्हणाले, मानेतली शीर दबलीय, ओझं बंद करा. मी छोट्या कॅमेऱ्याचा विषय काढला तेव्हा दुकानात गिऱ्हाइकं होती. त्यांच्यासमोर तुम्ही म्हणालात, "खेळण्यानं कुणी लग्न काढतं व्हय? झेपत नसंल तर घरी बस की."

गिऱ्हाइकं हसली. दादाही हसला.

तरी घेतला मी. डिजिटल रेंजफाइंडर, हातात मावणारा. कोपऱ्यातल्या खिडकीतून बघायचं आणि लेन्सची कडी बोटानं फिरवायची. एकाच माणसाच्या दोन प्रतिमा दिसतात, त्या एकमेकींवर नीट बसल्या की फोटो स्पष्ट येतो. तुम्ही तो एकदाही डोळ्याला लावला नाहीत.

टेंभुर्णीच्या लग्नात नवरदेवाच्या मामांनी विचारलं, "ताई, मोठा कॅमेरा मागनं येतोय का?"

"हाच हाय," मी म्हटलं.

"आमी फोटोग्राफर बोलावलाय, पावनी न्हाय."

तुम्हीच बोलताय असं वाटलं. मी कामाला लागले. पाठवणीच्या वेळी नवरीचे वडील मांडवामागं तोंडाला टॉवेल दाबून रडत होते. मी अगदी जवळ होते, त्यांना कळलंही नाही. फोटो पोचले आणि नवरीचा फोन आला. "बाबा माझ्यासाठी रडले व्हय? मला वाटलं, सुटले एकदाचे."

तो फोटो घेऊन मी दवाखान्यात तुमच्याकडे आले. तुम्ही कितीतरी वेळ बघत राहिलात. वाटलं, आता काहीतरी म्हणतील. म्हणालात, "उजवीकडं हात कापलाय."

एवढंच, अप्पा?

तरी मी तुमच्यासाठी कॅमेरा बाहेर काढला. खिडकीतून ऊन येत होतं. दाढी वाढलेली, आजारपणानं चेहरा मऊ झालेला, असे तुम्ही मला कधी दिसलाच नव्हतात. कडी फिरवेपर्यंत तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. "आत ठेव ते." त्याच आठवड्यात गेलात. तुमच्या शेवटच्या फोटोत एक कान आहे, मानेवरचे पांढरे केस आहेत आणि उशी.

परक्या बापाचं रडणं मला टिपता आलं, स्वतःच्या बापाचा चेहरा नाही. हे मी माफ केलेलं नाही. लोक म्हणतात, गेलेल्या माणसावर राग धरू नये. मग कुणावर धरू? दादावर? तो तर तुम्ही शिकवलं तसंच वागतो.

बार्शीत एक गाळा भाड्यानं घेतलाय. पाटी रंगवायला दिलीय. दादा म्हणतो, वर अप्पांचं नाव टाक, गिऱ्हाईक चालून येईल. येईल, मला ठाऊक आहे. तरी तुम्हाला शब्द देते, त्या पाटीवर फक्त माझं नाव असेल.

सुमंगला