‘रसवंती’तलं हसणं

प्रिय रवि,

‘प्रिय’ लिहावं की नुसतं ‘रवि’, यातच दोन कागद फाडले. बारा वर्षांनी माझं पत्र बघून तू दचकशील. दचक. मला बसलेल्या धक्क्याला पंधरा दिवस झाले आणि मी अजून सावरलेली नाही. फोनवर लिहिलं असतं, पण या घरात माझा फोन एकटीचा कधीच नसतो. तुझा पत्ता सत्यशीलानं दिला. कॉलेजात चोंबडी होती, पण या वेळी तिनं काही विचारलं नाही.

झालं असं, की इथं युसूफ वडगावात माझ्या धाकट्या दिराचं लग्न होतं. परण्या निघाला. पुढं डीजेची गाडी, मग घोड्यावर नवरदेव, आणि मागं हळदीकुंकवाचं ताट घेऊन मी, घरची मोठी सून. मारुतीच्या पारापाशी आलो आणि डीजेनं गाणं बदललं. आधी नुसते घुंगरू वाजले, रसवंतीच्या चरकाला बांधतात तसे. मग एक मुलगी खळखळून हसली. रवि, ती मी होते! ताट सुटलं, कुंकू रस्ताभर झालं. सासूबाई डोळे वटारून म्हणाल्या, "कावून सांडलं गं? भर परण्यात अपशकुन! ध्यान कुठं हाय तुजं?" मी म्हटलं, ऊन लागलं. आणि पुढं पन्नास पोरं माझ्या हसण्यावर नाचत होती.

अंबाजोगाईच्या स्टँडसमोरची ती रसवंती तू विसरला नाहीस, हे तुझ्या ट्रॅकच्या ‘रसवंती’ या नावावरूनच कळलं. तू चरकाजवळ फोन धरून घुंगरांचा आवाज भरून घेत होतास, अगदी खुळा दिसत होतास, आणि रसाचा अख्खा पेला तुझ्या नव्या पांढऱ्या शर्टावर कलंडला. मी पोट धरून हसले. फोनात भरलेलं ते हसणं पुसून टाकतो, असं तू म्हणाला होतास. मग पुण्याला गेलास, साऊंडचं शिकलास, नाव काढलंस. आनंदच आहे. पण वापरण्याआधी विचारायचं तरी होतंस! माझं लग्न ठरलं तेव्हाही तू काहीच विचारलं नव्हतंस. खोड जुनीच आहे तुझी.

आता तुझ्या ट्रॅकचे इकडं काय हाल झालेत ते ऐक. वडवणीच्या डीजे बजरंगचा रिमिक्स सगळ्यांत जोरात आहे. त्यात माझं हसणं चिमणीसारखं बारीक आणि भरभर केलंय, आणि ठोके असे, की आमच्या किराणा दुकानातल्या बरण्या हलतात. दुकानाच्या पायरीवर पोरांचे वाद चालतात. एक म्हणतो, "वडवणीवाला लई कडक हाय बे, मूळचा ऐकून झोप येती." दुसरा म्हणतो, बजरंगनं गाण्याचा भुगा केला. माझे सासरे गुंडप्पा तराजूमागून निकाल देतात, की मूळचंच बरं, घुंगरू तरी ऐकू येतात. लिंबागणेशच्या कुणीतरी तो इतका संथ केलाय, की हसण्याचं पार रडणं झालंय. सासूबाईंना तोच आवडतो. "कोन रडायली गं ही, जीव कालवतो," असं त्या म्हणाल्या, तेव्हा मी त्यांच्या समोरच भाकरी थापत होते.

एवढे दिवस मी जीव मुठीत धरून होते. कुणी ओळखलं तर? आमच्या ह्यांना कळलं तर काय सांगू, कुणाच्या फोनात, कुठं, कशासाठी हसले? गेल्या सोमवारी हेच एक नवा रिमिक्स घेऊन आले. त्यात हसणं कापूनच टाकलंय. खूश होते. "हा खरा. त्या बाईचं खिदळणं काढलं ते लई बरं केलं," म्हणाले. माणूस वाईट नाही रे, कधी आवाज चढवत नाही. पण दहा वर्षं एका ताटात जेवलो आम्ही, आणि त्यांना माझं हसणं ओळखू आलं नाही. कुणालाच नाही. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मला तर रडूच फुटलं. मोरीत जाऊन तोंड धुतलं.

खरं सांगते, ट्रॅक काढून टाक म्हणून तुला झाडायचं, याच रागानं मी पत्ता मिळवला. पण काल माझी आठ वर्षांची मनस्वी तुझा मूळचा ट्रॅक लावून बसली होती. म्हणाली, मला तर हसण्याचाच आवडतो, किती छान हसते ही, कोण असेल गं? माझ्या तोंडून निघून गेलं, मीच. तिनं माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाली, "काहीबी सांगती आई. मंग हसून दाखव." मी प्रयत्न केला रवि. दोनदा केला. जो आवाज निघाला तो ऐकून पोरगी म्हणाली, राहू दे. म्हणून हे पत्र. ट्रॅक राहू दे, वाजू दे. पण त्या दिवशीचं रेकॉर्डिंग तुझ्याकडं अजून असेल, तर मला अख्खं हवंय, ठोक्यांशिवाय, पेला कलंडल्यापासून शेवटपर्यंत. सत्यशीला दिवाळीला इकडं येणार आहे, तिच्याजवळ पेनड्राइव्हमध्ये दे. मनस्वीला पटवायला नको आहे ते. मला एकदा ऐकून बघायचंय, मी कशी हसत होते. मग दार लावून तसं हसून बघेन. जमेल बहुतेक.

तुझीच मैत्रीण,
वर्षाराणी