जयराजचं दूध तोडल्यावर

३ फेब्रुवारी २०२४, शनिवार, सकाळी ७.१०

जयराजचं दुपटं बदलत होतो. बुडाची कातडी दुपट्याला चिकटून आली! तोंडाभोवतीही तसंच — लाल, ओलं. केस हातात येतात. अकरा महिन्यांचं पोर, रडायलाही त्राण नाही.

अंकिताने अंगावरचं तोडून एकतीस दिवस झाले. तेव्हापासून शेजारच्या नाथाजीच्या शेळीचं दूध. तोवर पोर ठणठणीत होतं. डिसेंबरात बांधावरून आमचं वाजलं होतं. मग दूध देताना एवढा गोड का बोलायचा? आता कळलं. सोडणार नाही त्याला.

४ फेब्रुवारी, रविवार

बिरोबाच्या देवळात सगळ्या वाडीसमोर भंडारा उचलला. मुठीत हळद धरून बोललो — नाथाजीने माझ्या पोराला विष घातलं. आमच्यात भंडारा उचलून सांगितलेलं खरंच धरतात.

नाथाजी म्हणाला, "आरं गड्या, त्येच दूध माजी नात पिती की रं!"

कुणी ऐकलं नाही. मीही नाही.

७ फेब्रुवारी

पाणवठ्यावर त्याच्या शेरडांना कुणी येऊ देत नाही. बरं वाटलं.

१० फेब्रुवारी

नाथाजी बायको, नात, शेरडं घेऊन खंडाळ्याकडे गेला. कुलूप. त्याच्या दारावरून मुद्दाम दोनदा चालत गेलो.

पोराला आता पिशवीचं दूध. तरी जखमा वाढतातच. विष मुरलं असणार.

१५ फेब्रुवारी, सांगली

तीन दिवस दवाखान्यात. आज रक्ताचा रिपोर्ट आला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "विष नाही. जस्त फार कमी आहे. झिंक."

"द्राक्षबागेत फवारतो ते?"

"तेच. पण पंपातलं पाजू नका हो!"

त्यांनी सांगितलं ते लिहून ठेवतो. जस्त पेशींना निरोप पोचवतं — वाढ, जखम भर, रोगाशी लढ. निरोपच नाही तर नवी कातडी कुठून येणार? जयराजच्या आतड्याला अन्नातलं जस्त नीट घेता येत नाही, जन्मापासून. आईच्या दुधातलं तेवढं लागू पडायचं. शेळीचा काही दोष नाही.

"तुम्ही दोघं नात्यातले?"

"मामाचीच मुलगी."

"हा आजार आई आणि वडील दोघांकडून यावा लागतो. घरात आधी असं मूल गेलंय?"

"नाही," म्हणालो.

२१ फेब्रुवारी

औषधाचा सातवा दिवस. तोंड सुकलं. हसला! औषध जन्मभर द्यायचं.

नाथाजीला सात फोन केले. उचलत नाही. राग अजून आहे. धरू कुणावर?

२५ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा भंडारा उचलून 'मी खोटं बोललो' म्हणायला निघालो. आई दारात आडवी.

"जाऊ नगंस. तुज्या आदीचं माजं पोर असंच गेलं. दूध तोडलं आन् सडलं. म्या तुज्या चुलतीवर भंडारा उचलला. तिला माह्यारानंबी घेतलं न्हाई. कुटं गेली, कुणाला ठावं न्हाई. तू आज खरं बोललास तर म्या काय केलं रं?"